एक जूनच्या दोन गाड्या : नगरची एसटी आणि जगाच्या बस

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय आपल्या रोजच्या जाण्या-येण्याचा आहे.

१ जून १९४८ रोजी नगर-पुणे रस्त्यावर राज्याची पहिली एसटी धावली, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे ही नावंही दरवर्षी एसटीच्या वाढदिवसाला आपण वाचतो. लाकडी बॉडी, काथ्याच्या सीटा आणि १२० किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. नगरकर म्हणून आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच पाहिजे.

पण याच तारखेला, ४२ वर्षं आधी, दुसरी एक गाडी सुटली होती. १ जून १९०६ रोजी स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातून डेटलिगेन नावाच्या गावाकडे तिथल्या टपाल खात्याची पहिली मोटारबस निघाली. त्याआधी टपाल खात्याच्या घोडागाड्या पत्रं आणि माणसं दोन्ही न्यायच्या, त्यांची जागा मोटारीने घेतली. ती पिवळी बस आजही डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांपर्यंत जाते. तिला तिकडे पोस्टऑटो म्हणतात.

दोन्ही गाड्यांचं काम एकच: शहराला गावाशी जोडणं. पुढे दोघींचं काय झालं, आणि त्यातून आपण काय मागायला पाहिजे, एवढंच आज लिहितोय. (सरकारी कागदावर ऑक्टोबर २०२४ पासून आपला जिल्हा अहिल्यानगर आहे. जुन्या गोष्टी सांगताना लेखात नगर येईल, समजून घ्या.)

आधी एसटीच्या आधीचं बघू.

आपल्याकडे रेल्वे तशी लवकर आली. दौंड-मनमाड लाईन १८७८ साली सुरू झाली. म्हणजे १८७६ ते ७८ च्या त्या भयंकर दुष्काळाच्या काळातच हे काम चालू होतं. पण ती लाईन जिल्ह्याच्या मधून उभी जाते. नगर, राहुरी, बेलापूर, कोपरगाव या पट्ट्याला तिचा उपयोग झाला. जामखेड, कर्जत, पाथर्डी, शेवगाव, पारनेर, अकोले यांना आगगाडी म्हणजे ऐकायची गोष्ट. तिथल्या माणसाला बैलगाडी, टांगा नाहीतर पायपीट.

१९२० नंतर रस्त्यावर खासगी मोटारी आल्या. जुनी माणसं त्यांना सर्व्हिस मोटार म्हणायची. या मोटारीचं वेळापत्रक एकच: भरली की निघणार. भाडं मालक ठरवील ते. बाजाराच्या दिवशी एकाच रस्त्यावर चार गाड्या प्रवासी ओढायला भांडणार, आणि आडवारी एकही यायची नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने पहिल्यांदा परवाने, ठरलेले मार्ग आणि दर यांची शिस्त लावायचा प्रयत्न केला.

हे काही आपलंच मागासलेपण होतं असं समजू नका. त्याच काळात खुद्द लंडनमध्ये हाच प्रकार चालू होता. पहिल्या महायुद्धानंतर तिथे स्वतंत्र बसमालकांचं पीक आलं. लोक त्यांच्या गाड्यांना पायरेट म्हणजे चाच्यांच्या बस म्हणायचे. मोठ्या कंपनीच्या बसच्या पुढे जाऊन थांब्यावरचे प्रवासी उचलायचे, गर्दीच्या रस्त्यावर शर्यत लावायची, कमी धंद्याच्या रस्त्यावर फिरकायचंच नाही. मग १९२४ मध्ये लंडनसाठी वेगळा कायदा झाला, आणि १९३३ मध्ये बस, ट्राम आणि भुयारी रेल्वे असं सगळं एका सार्वजनिक मंडळाखाली आणलं. मुंबईतही ऑगस्ट १९४७ मध्ये ट्राम-बस महापालिकेने ताब्यात घेतल्या, तीच आपली बेस्ट.

म्हणजे लंडन १९३३, मुंबई १९४७, नगर-पुणे १९४८. वाट एकच. गाडी फक्त भरण्यासाठी धावू नये, ठरल्या वेळी, ठरल्या भाड्यात, ठरल्या गावाला जावी. एसटीचा जन्म या विचारातून झालाय. राज्याने गाड्या घेतल्या ही त्यातली अर्धीच गोष्ट. खरी गोष्ट अशी, की गाडी कुठे आणि कधी जाणार हे ठरवायचा अधिकार मालकाच्या गल्ल्याकडून काढून समाजाकडे आला.

१९५० मध्ये केंद्राने रस्ते वाहतूक महामंडळांचा कायदा केला. आजही एसटी याच कायद्यावर उभी आहे, म्हणून त्यातली दोन कलमं माहीत असलेली बरी. कलम १८ सांगतं, की महामंडळाचं कर्तव्य म्हणजे कार्यक्षम, पुरेशी, परवडणारी आणि नीट समन्वय असलेली वाहतूक देणं. आणि कलम २२ सांगतं, की महामंडळाने व्यापारी तत्त्वाने कारभार करावा. बघा आता. वाडीवर गाडी पाठवा, ती परवडणारी ठेवा, आणि धंदाही करा. एसटीच्या आजच्या निम्म्या भानगडींचं मूळ या दोन कलमांच्या ओढाताणीत आहे.

तरीही पुढची चाळीसेक वर्षं एसटीने जे केलं त्याला तोड नाही. ‘गाव तिथे एसटी, रस्ता तिथे एसटी’ हे नुसतं भिंतीवरचं वाक्य नव्हतं. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटर. तालुके १४. अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या टोकापर्यंत एवढ्या पसाऱ्याला एसटीने शिवून काढलं.

त्यातली सगळ्यात हुशारीची सोय म्हणजे मुक्कामी गाडी. नव्या पोरांसाठी सांगतो. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली शेवटची गाडी गावातच रात्री थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात, शाळेच्या ओट्यावर नाहीतर कुणाच्या तरी पडवीत झोपायचे. गावातून भाकरी-पिठलं जायचं. आणि पहाटे तीच गाडी दूधवाले, कॉलेजची पोरं, कोर्टकचेरीवाले, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं घेऊन तालुक्याला निघायची. रिकामी गाडी पहाटे डेपोतून आणायचा खर्च वाचला आणि गावाला दिवसाची पहिली गाडी हक्काची मिळाली.

आमच्या गावात घड्याळ कमी आणि मुक्कामी गाडी जास्त चालायची. ‘गाडी यायच्या आत धार काढून होऊ दे’ असं घरातली माणसं म्हणायची. तालुक्याला खोली करून शिकणाऱ्या पोरांचे जेवणाचे डबे याच गाडीने जायचे. पेपरचे गठ्ठे, टपालाच्या थैल्या, पाहुण्याला धाडलेली बाजरीची पिशवी, सगळं त्यातच.

आता त्या पिवळ्या गाडीकडे वळू.

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला सिनेमातली गाणी आठवतात, बर्फ आठवतो. पण आकार बघा. तो सगळा देश सुमारे ४१ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे आपला एक जिल्हा त्याच्या दोन पंचमांश भरतो. डोंगर, पांगलेली वस्ती, छोटी खेडी. बस चालवायला अवघड मुलूख. घाटातल्या आंधळ्या वळणांवर पोस्टऑटो तीन सुरांचा हॉर्न वाजवते. ते सूर रोसिनी नावाच्या संगीतकाराच्या ‘विल्यम टेल’मधून घेतलेत. आपल्या घाटात एसटीचा हॉर्न घुमतो, तसाच प्रकार.

त्यांची श्रीमंती सोडा. त्यांच्या पद्धतीतल्या तीन गोष्टी बघा, त्या श्रीमंतीपेक्षा कामाच्या आहेत.

पहिली. तिथे बारमाही १०० माणसं राहत असलेली वस्ती असेल, तर ती सार्वजनिक वाहतुकीने जोडायच्या खर्चात केंद्र सरकार वाटा उचलू शकतं. १०० माणसं! आपल्याकडची एखादी बरी वस्ती. म्हणजे गाडी मागायला साहेबाची ओळख लागत नाही, आकडा नियमात लिहिलेला आहे.

दुसरी. तोट्याचा मार्ग हा बसवाल्यांचा गुन्हा मानत नाहीत. केंद्र आणि तिथली राज्यं मिळून सेवेची रीतसर ऑर्डर देतात: या मार्गावर इतक्या फेऱ्या हव्यात, तिकिटातून इतके येतील, उरलेले आम्ही देऊ. हे आधी ठरतं, गाडी नंतर धावते. वर्षाच्या शेवटी ‘महामंडळ तोट्यात’ अशी बोंब होत नाही.

तिसरी. बस आणि रेल्वे एकमेकींची वाट बघतात. १९८२ पासून तिथे गाड्या दर तासाला त्याच मिनिटाला सुटतील असं देशभराचं वेळापत्रक बसवलं. बस स्टेशनवर पोचते, रेल्वे येते, माणसं बदलतात, दोन्ही निघतात.

तिकडे सगळे हरिश्चंद्र आहेत असंही नाही. २०१८ मध्ये उघडकीला आलं, की पोस्टऑटोने हिशेबात फिरवाफिरव करून नफा लपवला आणि जास्तीचं अनुदान घेतलं. २० कोटी फ्रँकपेक्षा जास्त रक्कम परत करावी लागली, वरचे अधिकारी गेले. पण त्या घोटाळ्याच्या नावाखाली वाड्यांच्या गाड्या बंद केल्या नाहीत. चोरी झाली म्हणून विहीर बुजवली नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता उलटं उदाहरण. ‘एसटीचं खासगीकरण करा, स्पर्धा आली की सगळं सुधारेल’ असं म्हणणारे आपल्या ग्रुपमध्येही खूप आहेत. त्यांनी इंग्लंडचं बघावं.

ब्रिटनने १९८५ मध्ये कायदा केला आणि २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडन सोडून बाकी ग्रेट ब्रिटनची बससेवा मोकळी केली. कुणीही कंपनी यावी, हवा तो मार्ग घ्यावा, हवं ते भाडं लावावं. लंडनला मात्र वेगळं ठेवलं. तिथे पुढे गाड्या खासगी कंपन्यांच्या आल्या, पण मार्ग, वेळ आणि भाडं सार्वजनिक संस्थाच ठरवत राहिली. मग काय झालं? मँचेस्टरसारख्या शहरांत गर्दीच्या रस्त्यावर एकामागे एक बस आणि उपनगरात शुकशुकाट. एका कंपनीचं तिकीट दुसरीच्या गाडीत चालेना. पुढच्या तीन दशकांत लंडनबाहेर बसचे प्रवासी घटत गेले आणि लंडनमध्ये जवळपास दुप्पट झाले.

शेवटी मँचेस्टरने मागे वळायचं ठरवलं. सप्टेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने तिथल्या बस पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये ते काम पूर्ण झालं. म्हणजे १९८६ मध्ये सोडलेली दोरी परत हातात घ्यायला ३७-३८ वर्षं लागली.

आणि ज्या शहराने ती दोरी कधी नीट धरलीच नाही, त्याचं उदाहरण म्हणजे केनियातलं नैरोबी. तिथली बरीचशी वाहतूक मटाटू नावाच्या खासगी छोट्या बसवर चालते. रंगीबेरंगी, गाणी लावलेल्या, हजारो लोकांच्या पोटाला लागलेल्या गाड्या. पण पाऊस आला की भाडं वाढतं, आणि गाडी भरली की निघते. वाचताना काही आठवलं? आपली काळी-पिवळी. तो जीपवाला आपलाच माणूस आहे, रात्री-अपरात्री दवाखान्याला तोच नेतो. त्याच्यावर राग नाही. पण आठ सीटच्या गाडीत चौदा भरल्याशिवाय त्याचं डिझेल सुटत नाही. म्हणजे १९४८ ला आपण जिथून निघालो, फिरून तिथेच आलो की.

आता आपल्याकडचा हिशेब. रोखठोक.

कोविडच्या आधी एसटीकडे गाड्या १८ हजारांच्या आसपास होत्या. नंतरच्या वर्षांत हा आकडा १५ हजारांच्या आत-बाहेर राहिला. २०२१-२२ मध्ये साडेपाच महिन्यांच्या आसपास संप चालला. त्यात कर्मचाऱ्यांचे हाल झाले, प्रवाशांचे झाले, आणि अनेकांची एसटीची सवय मोडली ती मोडलीच. कुणी दुचाकी घेतली, कुणी जीपला लागलं.

दुसरीकडे सवलती वाढल्या. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. चांगल्याच गोष्टी आहेत. बाजाराला, माहेराला, दवाखान्याला निघालेल्या बायांना त्याचा खरोखर आधार झाला. पण अर्धं तिकीट काढायला आधी अख्खी गाडी यावी लागते. सवलतीचा जीआर मुंबईत निघतो, गाडी फाट्यावर यावी लागते.

आणि पैसे? स्वित्झर्लंडमध्ये सरकार सेवेची ऑर्डर देऊन फरक भरतं. आपल्याकडे वर्षानुवर्षे उलटं चाललं. एसटीच्या तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर, डिझेलवर कर, वरून टोल. सवलतींची रक्कम सरकार देतं हे खरं, पण कर एका हाताने घ्यायचा, मदत दुसऱ्या हाताने द्यायची, आणि मधल्यामध्ये एसटीला तोट्याची म्हणून हिणवायचं, हा कुठला हिशेब? कलम २२ चं व्यापारी तत्त्व एसटीला सगळे दाखवतात. कलम १८ चं कर्तव्य कुणी आणि किती पैशात पुरं करायचं, ते मात्र कुणी लिहून देत नाही.

नवं काही होतच नाही असं नाही. १ जून २०२२ रोजी एसटीची पहिली इलेक्ट्रिक ‘शिवाई’ धावली ती पुणे-नगर मार्गावरच. गारेगार, आवाज नाही, छान गाडी. सप्टेंबर २०२२ मध्ये नगरहून न्यू आष्टीपर्यंत रेल्वे सुरू झाली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी ती बीडपर्यंत पोचली. १९९५ च्या सुमारास मंजूर झालेली लाईन, तीस वर्षं लागली, पण आली.

पण समन्वय बघा. नगर शहरात रेल्वे स्टेशन एकीकडे, माळीवाडा स्टँड दुसरीकडे, तारकपूर तिसरीकडे आणि पुण्याच्या गाड्यांचा स्वस्तिक चौक चौथीकडे. शहर बससेवा ठेकेदारांवर, कधी चालू तर कधी बंद. बीडच्या गाडीतून उतरलेल्या माणसाने शेवगावच्या एसटीला जायचं तर मधल्या दोन-तीन किलोमीटरला रिक्षाचं भाडं. कित्येकदा तेच एसटीच्या तिकिटाच्या वर. पुण्याला शिवाई आहे, रेल्वे बीडला गेली, आणि पाथर्डी-जामखेडच्या आतल्या गावांची मुक्कामी गाडी? ती किती ठिकाणी राहिली, आपण सगळे जाणतो.

आणि गाडी बंद झाली की सगळ्यात आधी कुणाचं बंद होतं? पोरीचं.

हे मी गावोगाव बघितलंय. गावात शाळा सातवी नाहीतर दहावीपर्यंत. पुढे पाच-दहा किलोमीटरवर मोठं गाव. एसटी असली की पोरी घोळक्याने जातात, घरचे निवांत असतात. कंडक्टर ओळखीचा, वेळ ठरलेली. एसटी बंद झाली की मुलाला कशीबशी जुनी मोटारसायकल मिळते. पोरीला जीपच्या गर्दीत पाठवायला आई-बाप कचरतात. त्यांचंही चुकत नाही. मग ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात. ते पुढचं वर्ष बहुतेक वेळा येत नाही, स्थळ येतं.

ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. त्या योजनेचं नाव माहीत आहे ना? अहिल्याबाई होळकर योजना. त्याच अहिल्यादेवी, ज्यांचा जन्म आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, ३१ मे १७२५ चा. ज्यांनी देशभर वाटसरूंसाठी विहिरी, घाट, धर्मशाळा बांधल्या, आणि ‘यातून उत्पन्न किती’ असं विचारलं नाही. आज त्यांचं नाव जिल्ह्याला आहे, पोरींच्या पासावरही आहे. ३१ मे ला जयंती होते, दुसऱ्या दिवशी १ जूनला एसटीचा वाढदिवस. दोन्ही दिवशी हार-तुरे होतात. पण पास हातात आणि फाट्यावर गाडी नाही, असं एकाही गावात होत असेल तर तो त्या नावाचा मान नाही.

मग करायचं काय? नुसतं ‘सरकार झोपलंय’ लिहून भागत नाही. चार गोष्टी सुचतात.

एक, येत्या ग्रामसभेत ठराव घ्या: गावाला कोणती गाडी, किती वाजता हवी, आणि शाळा-कॉलेजची किती मुलं-मुली त्यावर अवलंबून आहेत. पासधारकांची यादी जोडा. तोंडी मागणीपेक्षा आकड्याचा कागद जड असतो. ठराव आगारप्रमुखांना द्या आणि पोच घ्या.

दोन, मुक्कामी गाडी मागत असाल तर ड्रायव्हर-कंडक्टरच्या झोपण्याची नीट खोली, पाणी आणि संडासाची सोय ग्रामपंचायतीने करावी. माणसाला देवळाच्या ओट्यावर झोपवून सेवा मागायचे दिवस गेले.

तीन, आमदार-खासदारांना एकच प्रश्न विचारा: तोट्याच्या पण गरजेच्या मार्गांची यादी करून त्याचे पैसे राज्याने आधीच द्यायचे, हे कधी लिहून होणार? प्रवासी कराचं काय?

चार, नगर-बीड रेल्वेच्या वेळेला जोडून स्टेशनवरून एसटी किंवा शहर बस सुटली पाहिजे. याला नवं रूळ-पूल काही लागत नाही. दोन कार्यालयांनी एका टेबलावर बसायचंय फक्त.

बस कुणाच्या मालकीची, यावर आपण उगाच भांडत बसतो. लंडनला खासगी कंपनीच्या बस ठरल्या वेळेला येतात, कारण वेळ ठरवणारा सार्वजनिक आहे. एसटीतही आता भाड्याच्या गाड्या आहेत. मालक कुणीही असो. गाडी कुठे जाणार हे कोण ठरवतं आणि ती अर्धी रिकामी गेली तर फरक कोण भरतं, हे दोनच प्रश्न विचारा. १९४८ ला याच नगरच्या रस्त्यावर त्याचं उत्तर मिळालं होतं: समाज ठरवील, समाज भरील.

तुमच्या गावाला मुक्कामी गाडी येत होती का? कोणत्या आगाराची, किती वाजता यायची, आता येते का? कमेंटमध्ये गाव आणि तालुक्यासह लिहा. सगळ्या चौदा तालुक्यांची यादी झाली तर आपल्याच हातात एक कागद तयार होईल, आणि तो घेऊन जाता येईल.

पोस्ट पटली तर पुढे पाठवा. नाही पटली तरी पाठवा, वाद तरी कामाच्या गोष्टीवर होईल.